ख्रिस्ती रूपकात्मक अद्‌भुतकथा

ख्रिस्ती धर्मश्रद्धेतील पाप, प्रलोभन, पश्चात्ताप, आत्मबलिदान व उद्धार ह्या कल्पनांना पात्रे, स्थळे आणि प्रसंग ह्यांचे रूप देऊन रचलेल्या व मुख्यतः कुमारवयीन वाचकांनी आपल्याशा केलेल्या अद्‌भुतरम्य साहसकथांचा वाङ्‌मयप्रकार. इंग्रजी भाषेत सतराव्या शतकापासून त्याची अखंड परंपरा आहे. मराठीत तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच, म्हणजे मराठी कादंबरीच्या जन्मापूर्वी, अनुवादाच्या द्वारे आला. तथापि येथे त्याची स्वतंत्र परंपरा निर्माण झाली नाही. प्रारंभ लवकर होऊनही हा प्रकार मराठीत का रुजला नाही, हा मराठी बालवाङ्‌मयाच्या व मराठी ख्रिस्ती वाङ्‌मयाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

स्वरूप : रूपककथेत अर्थाचे दोन स्तर असतात. वरच्या स्तरावर एक स्वयंपूर्ण कथा घडत असते. तिच्याखाली दुसरा, तात्त्विक वा धार्मिक अर्थ सलगपणे वाहत असतो. दृष्टांतकथेत एका प्रसंगातून एक बोध निघतो आणि तेथेच ती संपते. रूपककथेत मात्र प्रत्येक पात्राला व स्थळाला नेमून दिलेला अर्थ असतो : दलदल म्हणजे निराशा, जत्रा म्हणजे ऐहिक भोग, ओझे म्हणजे पाप. अशा कथेला साहसाची व अद्‌भुताची जोड मिळाली, की ती मुलांच्या आवडीची होते. कारण मूल प्रथम राक्षस, किल्ला, किल्ली आणि सुटका एवढेच पाहते. दुसरा अर्थ त्याला कोणीतरी सांगावा लागतो, किंवा वय वाढल्यावर तो आपोआप उमगतो. ह्या वाङ्‌मयप्रकाराचे सामर्थ्य ह्या दुहेरीपणात आहे आणि त्याच्याविषयी वेळोवेळी घेण्यात आलेल्या आक्षेपांचे मूळही तेथेच आहे.

पूर्वपीठिका : येशू ख्रिस्ताने लोकांना उपदेश करताना पेरणारा, हरवलेले मेंढरू, उधळा पुत्र असे दाखले वापरल्याचे शुभवर्तमानांत आढळते. त्यामुळे कथेच्या द्वारे धर्मतत्त्व सांगण्याची रीत ख्रिस्ती परंपरेत आरंभापासूनच मान्य होती. इ. स. ४०० च्या सुमारास प्रुडेन्शियस ह्या लॅटिन कवीने सायकोमाकिआ ह्या काव्यात सद्‌गुण व दुर्गुण ह्यांना योद्ध्यांचे रूप देऊन त्यांचे युद्ध रंगविले. इंग्रजीत एडमंड स्पेन्सरने (सु. १५५२–९९) द फेअरी क्वीन (१५९०, १५९६) ह्या महाकाव्यात वीरांची भ्रमंती आणि धार्मिक–नैतिक रूपक ह्यांची सांगड घातली.

भारतीय परंपरेलाही रूपक अपरिचित नव्हते. सिद्धर्षी ह्या जैन आचार्याने दहाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेली उपमितिभवप्रपंचाकथा ही जीवाच्या जन्मजन्मांतरीच्या प्रवासाची प्रदीर्घ रूपककथा होय. कृष्णमिश्राच्या प्रबोधचंद्रोदय (अकरावे शतक) ह्या संस्कृत नाटकात विवेक व महामोह हे परस्परविरोधी राजे आहेत. मराठीत एकनाथांनी (१५३३–९९) भारुडांतून विंचू, भूत, जोशी, जोगवा अशा लोकव्यवहारातील विषयांवर अध्यात्माचे रूपक उभे केले आणि ते बालकांपासून वृद्धांपर्यंत सर्वांच्या तोंडी बसले. त्यामुळे ख्रिस्ती रूपककथा मराठीत आली, तेव्हा तिच्या रचनेची रीत येथील वाचकाला नवी नव्हती. नवा होता तो तिच्यातील आशय आणि ती सांगणारा वर्ग.

बन्यन आणि इंग्रजी परंपरा : ह्या प्रकाराचा आद्य व आदर्श ग्रंथ म्हणजे जॉन बन्यनचा (१६२८–८८) द पिल्‌ग्रिम्स प्रोग्रेस (भाग पहिला, १६७८, दुसरा, १६८४). बन्यन हा बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावचा, भांडीकुंडी दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा व स्वतःही तोच व्यवसाय करणारा. सरकारमान्य चर्चच्या परवानगीविना प्रवचने केल्याबद्दल त्याला १६६० ते १६७२ अशी बारा वर्षे तुरुंगात काढावी लागली. त्याचा हा ग्रंथ स्वप्नाच्या चौकटीत सांगितलेला आहे. ख्रिस्तियन हा नायक पाठीवर ओझे घेऊन विनाशनगरीतून बाहेर पडतो. निराशेची दलदल, अडचणीची टेकडी, मृत्युच्छायेची दरी अशा स्थळांतून तो जातो. अपोलियन ह्या पंखधारी दैत्याशी झुंज देतो. मिथ्यात्वाच्या जत्रेत त्याचा सोबती विश्वासू ह्याला प्राणास मुकावे लागते. संशयगडावर निराशा नावाचा राक्षस त्याला कोंडतो आणि वचन नावाची किल्ली आपल्या उराशीच आहे, हे स्मरल्यावर तो सुटतो. अखेर नदी ओलांडून तो स्वर्गनगरीत पोहोचतो. दुसऱ्या भागात त्याची पत्नी ख्रिस्तियाना मुलांसह त्याच मार्गाने निघते.

हा ग्रंथ मुलांसाठी लिहिलेला नव्हता. मुलांसाठी बन्यनने अ बुक फॉर बॉइज अँड गर्ल्स (१६८६) हे वेगळे पद्यपुस्तक रचले. परंतु मुलांनी जवळ केले ते पिल्‌ग्रिम्स प्रोग्रेसलाच. प्युरिटन घरांतून रविवारी करमणुकीची पुस्तके वाचण्यास मनाई असे. ह्या पुस्तकाला मात्र मुभा होती आणि त्यात राक्षस व लढायाही होत्या. लुइझा मे ऑल्‌कट हिच्या लिट्‌ल विमेन (१८६८) ह्या अमेरिकन कादंबरीतील बहिणी लहानपणी पाठीवर गाठोडी बांधून तळघरापासून गच्चीपर्यंत यात्रेकरूंचा खेळ खेळत, असे दाखविले आहे. मुलांच्या मनात ह्या कथेने कोणते स्थान मिळविले होते, ह्याचा हा बोलका पुरावा होय.

एकोणिसाव्या शतकात हा प्रकार जाणीवपूर्वक मुलांसाठी हाताळला जाऊ लागला. चार्ल्स किंग्झली (१८१९–७५) ह्या धर्मोपदेशकाच्या द वॉटर बेबीज (१८६३) ह्या कथेत धुराडी साफ करणारा एक पोरका मुलगा पाण्याखालच्या सृष्टीत नवा जन्म घेतो. जॉर्ज मॅक्‌डॉनल्ड (१८२४–१९०५) ह्या स्कॉटिश लेखकाने अॅट द बॅक ऑफ द नॉर्थ विंड (१८७१) व द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन (१८७२) ह्या कथांतून रूपकाला सैल केले. परीकथेचा प्रत्येक तपशील एका अर्थाला जखडलेला नसावा, अर्थ वाचकागणिक वेगळा उमलावा, असे त्याचे मत होते. सी. एस्. लूइस (१८९८–१९६३) ह्याच्यावर मॅक्‌डॉनल्डचा मोठा प्रभाव होता. लूइसने आधी बन्यनच्या धर्तीवर द पिल्‌ग्रिम्स रिग्रेस (१९३३) हे प्रौढांसाठी रूपक लिहिले. नंतर मुलांसाठी नार्निया ह्या काल्पनिक देशाच्या सात कथा (१९५०–५६) लिहिल्या. त्यांतील अस्लान हा सिंह एका अपराधी मुलाच्या बदली मरण पतकरतो व पुन्हा जिवंत होतो. हे रूपक नव्हे. अन्य एखाद्या सृष्टीत ख्रिस्त अवतरला असता तर काय घडले असते, ह्याची ही कल्पना आहे, असा भेद लूइसने आपल्या पत्रव्यवहारात केला आहे. त्याचा मित्र जे. आर्. आर्. टोल्कीन (१८९२–१९७३) ह्याला तर उघड रूपकाची नावडच होती. अमेरिकेत मॅडलिन लेंगल हिची अ रिंकल इन टाइम (१९६२) ही कादंबरी व १९७० नंतरच्या ख्रिस्ती प्रकाशनसंस्थांनी काढलेल्या अनेक कथामाला ह्याच परंपरेतील होत. ह्या परंपरेला विरोधही झाला. फिलिप पुलमनची हिज डार्क मटिअरिअल्स ही कादंबरीत्रयी (१९९५–२०००) चर्चसत्तेवर टीका करणारी असून ती नार्नियाला दिलेले उत्तर म्हणून ओळखली जाते.

मराठीतील प्रारंभ : मराठीत ख्रिस्ती कथनाचा आरंभ गोव्यात झाला. फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) ह्या इंग्रज जेझुइटाचे ख्रिस्तपुराण (१६१६) सुमारे ११,००० ओव्यांचे आहे. धर्मांतर केलेल्यांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी ऐकण्यासारखे काही हवे होते, ही गरज त्या ग्रंथाच्या मुळाशी होती. तथापि ख्रिस्तपुराण हे बायबलमधील वृत्तांताचे निरूपण आहे. ते रूपक नव्हे. कथेची भूक कथेनेच भागते, ही जाण मात्र स्टीफन्सला होती आणि तिचे महत्त्व पुढील इतिहासाच्या संदर्भात लक्षात येते.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांबरोबर छापखाना आला. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. नव्या कराराचे मराठी भाषांतर १८२६ मध्ये प्रसिद्ध झाले. बाँबे ट्रॅक्ट अँड बुक सोसायटी १८२७ मध्ये स्थापन झाली. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आला. ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगर येथून सुरू झाले. ह्याच काळात मुलांसाठी मराठी पुस्तके निघू लागली होती. सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांची बाळमित्र व इसपनीतिकथा ही पुस्तके १८२८ मधील आहेत. ह्या पार्श्वभूमीवर हरि केशवजी (१८०४–५८) ह्यांनी बन्यनच्या ग्रंथाचे यात्रिकक्रमण (१८४१) हे मराठी भाषांतर केले. हरि केशवजी हे मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातील असून रसायनशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांवरील पुस्तकेही त्यांनी मराठीत आणली होती. बंगालीत फीलिक्स केरी ह्याने बन्यनचा अनुवाद ह्यापूर्वीच, १८२१ च्या सुमारास, केला होता. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गणली जाणारी यमुनापर्यटन ही १८५७ ची. म्हणजे तिच्या सोळा वर्षे आधी एक सलग, दीर्घ, काल्पनिक गद्यकथा मराठीत उपलब्ध झाली होती आणि ती ख्रिस्ती रूपककथा होती.

यात्रा ह्या शब्दाचा प्रश्न : यात्रिकक्रमण हे शीर्षक मराठी वाचकाला आपलेसे वाटावे असे होते, पण त्यातच एक मूलभूत विसंगती दडलेली होती. मराठी माणसाची यात्रा ही जाऊन परत येण्याची असते. वारकरी आषाढी–कार्तिकीला पंढरीस जातो आणि पुन्हा आपल्या शेतात, प्रपंचात परततो; तीर्थाहून आलेल्याच्या घरी मावंदे होते व सोयरेधायरे पंगतीला बसतात. बन्यनचा यात्रिक परत येत नाही. तो बायकामुलांच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून कानांत बोटे घालून धावत सुटतो. ज्या समाजात सर्व माणसे आधीच ख्रिस्ती होती, तेथे हे दृश्य मनाच्या आतल्या पालटाचे रूपक म्हणून वाचले गेले. महाराष्ट्रात तसे घडणे कठीण होते. येथे धर्मांतर करणाऱ्या तरुणाला खरोखरच घर, जात, वारसा व पुष्कळदा पत्नी सोडावी लागे. इंग्लंडात जे रूपक होते, ते येथे वर्तमानपत्रातील वार्तेसारखे प्रत्यक्ष होते.

बालवाचक आणि धर्मांतराचा वाद : हे भाषांतर ज्या वेळी निघाले, तो काळही प्रक्षोभाचा होता. १८३९ मध्ये विल्सनच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी मोठ्या संख्येने मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ह्यांनी धर्मांतर केले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपती मिशनच्या आश्रयाला राहिला होता. न्यायालयाने त्याला पित्याच्या स्वाधीन केले आणि त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे की नाही, ह्यावरून ब्राह्मणवर्गात मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर ह्यांनी श्रीपतीला परत घेण्याचा पक्ष उचलून धरला व त्यासाठी सनातन्यांचा रोष पतकरला. यात्रिकक्रमण हे ह्या दोन घटनांच्या मधोमध प्रसिद्ध झाले.

ह्या परिस्थितीत रूपकाचे सामर्थ्यच त्याला मारक ठरले, असे म्हणावे लागते. ज्या कथेचा खरा अर्थ वरून दिसत नाही आणि जी मुलाला प्रथम केवळ गोडीने ओढून नेते, अशी कथा मिशनऱ्याच्या हातून आपल्या मुलाच्या हाती जाणे कोणत्या हिंदू वा पारशी पालकाला निर्धास्तपणे पाहवले असते? उलट बाजूने, मिशनांनाही कपटाचा आरोप नको होता. आपण जे सांगतो ते उघडपणे सांगतो, ही त्यांची भूमिका होती. शिवाय इव्हँजेलिकल पंथीयांत कल्पित कथेविषयी एकूणच संशय असे : कल्पित म्हणजे असत्य आणि असत्याने सत्याचा प्रचार कसा करावा, असा त्यांचा विचार असे. ह्या तिन्ही कारणांमुळे मराठी ख्रिस्ती गद्य अद्‌भुताकडून वास्तवाकडे वळले.

वास्तवाकडे वळण : ह्या वळणाचे ठळक उदाहरण म्हणजे बाबा पदमनजी (१८३१–१९०६) ह्यांची यमुनापर्यटन ही कादंबरी. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबांनी तिच्यात प्रवासाची चौकट ठेवली. मात्र त्या प्रवासात राक्षस वा गड नाहीत. यमुना व तिचा पती विनायक ठिकठिकाणी हिंडतात आणि विधवांच्या दुःस्थितीच्या कहाण्या ऐकतात, पाहतात. पुढे विनायकाच्या मृत्यूने यमुनेवरच ती आपत्ती कोसळते. शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. प्रत्येक मुक्कामी एक प्रसंग, प्रत्येक प्रसंगातून एक शिकवण व शेवटी उद्धार, ही रचना यात्रारूपकाशी मिळतीजुळती आहे. फरक एवढाच, की निराशेच्या दलदलीच्या जागी येथे केशवपनाची चाल आहे. रूपकातील अमूर्त संकटांची जागा प्रत्यक्ष सामाजिक अन्यायाने घेतली. त्यामुळे मराठी कादंबरीला आरंभीच सामाजिक आशय लाभला, हा मोठाच लाभ होय. हॅना कॅथरीन म्यूलेन्स हिची फुलमणि ओ करुणार बिबरण (१८५२) ही बंगाली कथाही अशीच वास्तवाला धरून चालणारी आहे.

मुलांसाठीच्या ख्रिस्ती वाङ्‌मयातही हेच धोरण दिसते. अमेरिकन मिशनने १८७० नंतरच्या दशकात सुरू केलेले बालबोधमेवा हे मासिक मराठीतील आद्य बालमासिकांपैकी एक होय. सचित्र माहिती, चरित्रे, प्राणिजीवन व बोधपर गोष्टी असा त्याचा सर्वसाधारण साचा होता. विनायक कोंडदेव ओक ह्यांचे बालबोध (१८८१) हे मासिक निघण्यापूर्वी मुलांसाठी नियमितपणे मासिक चालविण्याची वाट त्याने पाडली. त्यातील अनेक गोष्टींना ख्रिस्ती बोधाची जोड असे. पण कल्पिताच्या मुक्त सृष्टीला तेथे फारसा वाव नव्हता.

अद्‌भुताची हौस वाचकांत नव्हती, असे मात्र नव्हे. कृष्णशास्त्री चिपळूणकर ह्यांनी आरंभिलेला अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी हा अनुवाद १८६१ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्याच वर्षी लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांची मुक्तामाला ही अद्‌भुतरम्य कादंबरी निघाली. पुढे नाथमाधव (१८८२–१९२८) ह्यांच्या वीरधवल (१९१३) ह्या कादंबरीने कुमारांच्या काही पिढ्यांना खिळवून ठेवले आणि भा. रा. भागवत (१९१०–२००१) ह्यांनी कुमारांसाठी मराठी साहसकथेला आधुनिक रूप दिले. ह्या प्रवाहाशी ख्रिस्ती कथालेखनाचा सांधा जुळला नाही. एकाजवळ अर्थ होता, दुसऱ्याजवळ अद्‌भुत होते. दोहोंना एकत्र आणणारा मॅक्‌डॉनल्डसारखा लेखक मराठीत झाला नाही.

टिळक दांपत्य : रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे ह्या दोन प्रवाहांच्या सर्वांत जवळ आलेले लेखक होत. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, ही घटना प्रसिद्ध आहे; १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परकीय साच्यातील ख्रिस्ती वाङ्‌मय मराठी मनाला भिडणार नाही, हे ओळखून त्यांनी अभंग, भजन व कीर्तन ह्या देशी रूपांचा अवलंब केला. फुलामुलांचे कवी म्हणून ते ओळखले जातात. वनवासी फूल ह्या त्यांच्या काव्यातील कवी व फूल ह्यांचा संवाद रूपकाच्या सीमेवर जाऊन पोहोचतो. अहमदनगरला त्यांच्या घरी राहिलेले बालकवी ठोंबरे (१८९०–१९१८) ह्यांच्या फुलराणीत निसर्गाची संपूर्ण परीकथा झाली. म्हणजे टिळकांच्या परिसरात अद्‌भुत फुलले, ते पद्यात. आणि ते फुलविणारा कवी ख्रिस्ती नव्हता.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) ह्यांच्या स्मृतिचित्रे (१९३४–३६) ह्या आत्मचरित्राचा उल्लेख येथे अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. पण तो आवश्यक आहे. पतीने धर्मांतर केल्यावर लक्ष्मीबाई मुलासह काही वर्षे दूर राहिल्या. मनाशी व सोवळ्याओवळ्याशी झगडल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. यात्रिक पुढे निघून जातो आणि त्याची पत्नी मुलाला घेऊन काही काळाने त्याच वाटेने निघते, हा बन्यनच्या दोन भागांचाच घाट आहे. लक्ष्मीबाईंनी तो कोठून घेतला नव्हता; तो त्यांच्या वाट्याला आला होता. मागे राहिलेल्या पत्नीचे दुःख बन्यनने संक्षेपाने आटोपले आहे. लक्ष्मीबाईंनी मात्र ते हसतखेळत व विलक्षण प्रांजळपणे सविस्तर सांगितले. रूपकाला जे जमले नसते, ते येथे आत्मचरित्राने साधले. मराठी ख्रिस्ती वाङ्‌मयाची सर्वोत्तम यात्राकथा ही अशा रीतीने कल्पित कथा नसून सत्यकथा ठरली.

चंद्रपूर–गडचिरोलीचा संदर्भ : विदर्भाच्या वनप्रदेशात ह्या प्रश्नाला आणखी एक पैलू प्राप्त होतो. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) हा १८४५ पासून नागपुरात होता. मिशनकार्याबरोबर भूविज्ञान व आदिवासींच्या परंपरा ह्यांचा त्याने अभ्यास केला. १८६३ मध्ये टाकळघाटजवळील शिलावर्तुळे पाहून परतताना नाल्याच्या पुरात तो बुडाला. त्याची टिपणे रिचर्ड टेंपल ह्याने संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत प्रधान गायकाकडून मिळालेले लिंगोचे दीर्घ गोंडी गीत भाषांतरासह आहे. चांदा जिल्ह्यात (आजचे चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली हे दोन जिल्हे) व आसपासच्या प्रदेशात राहणाऱ्या गोंडांच्या उत्पत्तीची ही कथा आहे.

ह्या गीतानुसार महादेवाने गोंडांना गुहेत कोंडून तिच्या तोंडावर प्रचंड शिळा ठेवली. फुलातून जन्मलेला लिंगो हा त्यांचा त्राता. खोट्या आळामुळे त्याचे मानलेले भाऊच त्याला ठार मारतात. अमृताने तो पुन्हा जिवंत होतो. गोंडांच्या सुटकेसाठी महादेव त्याला बिंदो नावाच्या महाकाय पक्ष्याची पिले आणावयास सांगतो. लिंगो त्या पिलांना गिळू पाहणाऱ्या सर्पाला मारतो. कृतज्ञ पक्षी त्याला पंखांवरून घेऊन येतात. अखेर शिळा हलते, बंदी मुक्त होतात आणि लिंगो त्यांची कुळांत विभागणी करून त्यांना देवधर्म लावून देतो. गोंदिया जिल्ह्यातील कचारगड येथे माघी पौर्णिमेला भरणारी मोठी यात्रा ह्याच गुहेच्या श्रद्धेशी निगडित आहे.

ही कथा ख्रिस्ती रूपक नव्हे. ती एका समाजाची पवित्र परंपरा आहे आणि तिच्यावर परका अर्थ लादणे अयोग्य ठरेल. तथापि आपल्याच लोकांकडून मारला जाऊन पुन्हा उठणारा त्राता, बंद गुहा, हलणारी शिळा आणि मुक्ती ही तिची सामग्री पाहता, ज्या मिशनऱ्याने ती जतन केली त्याच्या स्वतःच्या धर्मकथेशी तिचे साम्य नजरेत भरते. स्टीफन्ससारख्या कथनकाराला ह्यात दोन परंपरांच्या संवादाची संधी दिसली असती. हिस्लॉपने तिला मानवशास्त्रीय साधन म्हणून टिपले आणि तिचा प्रवास इंग्रजी विद्वद्‌ग्रंथांतून झाला. चांद्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे कार्य सुरू झाले. तेथील व्यवहाराची भाषा मराठी व तेलुगू, तर अरण्यातील वस्त्यांची गोंडी व माडिया. शुभवर्तमानाचे काही भाग गोंडीत भाषांतरित झाले. परंतु वनप्रदेशातील मुलांना त्यांच्या ओळखीच्या अरण्यातून, पशुपक्ष्यांतून व नद्यांतून नेणारी साहसकथा मराठी ख्रिस्ती वाङ्‌मयाने रचली नाही.

मूल्यमापन : मराठीत ख्रिस्ती रूपकात्मक अद्‌भुतकथा रुजली नाही, ह्याचे कारण प्रतिभेचा अभाव हे नव्हे; रूपकाची परंपरा, अद्‌भुताची हौस आणि मुद्रणाची साधने ही तिन्ही येथे होती. उणीव होती ती परस्परविश्वासाची. रूपककथा मुलाला एक गोष्ट सांगते आणि दुसरी राखून ठेवते. ही राखून ठेवलेली गोष्ट मुलाच्या घरातलीच असेल, तर ते शिक्षण ठरते. ती दुसऱ्याच्या घरातली असेल, तर तिच्यावर कपटाचा आळ येतो. इंग्लंडात बन्यन, मॅक्‌डॉनल्ड व लूइस ह्यांचा बालवाचक त्यांच्याच धर्मपरंपरेत वाढलेला होता. मराठीत बालवाचक हाच वादाचा विषय होता. त्यामुळे येथील ख्रिस्ती लेखकांनी उघड बोलण्याचा मार्ग स्वीकारला आणि सामाजिक कादंबरी, भक्तिकाव्य व आत्मचरित्र ह्या क्षेत्रांत मोलाची भर घातली. ही परंपरा पुढेही चालू राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) ह्यांचे सुबोध बायबल (२०१०) हे तिचेच अलीकडचे फळ होय.

लूइसने रूपक व कल्पना ह्यांत केलेला भेद ह्या संदर्भात उद्‌बोधक ठरतो. प्रत्येक वस्तूला अर्थाची चिठ्ठी लावलेले रूपक परधर्मीय वाचकाला दूर लोटते. उलट, स्वतःच्या नियमांनी चालणारी व अर्थ वाचकावर सोपविणारी अद्‌भुतसृष्टी कोणत्याही घरातील मुलाला खुली असते. नार्नियाच्या कथा आणि २००५ पासून त्यांवर निघालेले चित्रपट ख्रिस्तेतर देशांतही आवडीने स्वीकारले गेले, ते ह्यामुळेच. एकनाथांच्या भारुडांबाबतही असेच घडले आहे : विंचू चावल्याचा आकांत पाहून मूल प्रथम खळखळून हसते, त्यातील अध्यात्म त्याला पुढे केव्हातरी उमगते किंवा उमगतही नाही. त्याच्या त्या हसण्यावर मात्र कोणी कधी हरकत घेतली नाही.